राखण न दिलेले खाचर

वेल्ह्याच्या डोंगराकडच्या वाड्यांत भाताची लावणी हे एका घराचे काम नाही. ते तसे का नाही हे आधी नीट सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही. रोप वाफ्यात वाढते. तीन आठवड्यांचे झाले की ते उपटायचे, मुळांची माती पाण्यात खळबळून काढायची, जुड्या बांधायच्या, आणि बैलांनी चिखलणी केलेल्या खाचरात लावून टाकायचे. चिखल फार वेळ मऊ राहत नाही, म्हणून खाचर शक्यतो एका दिवसात व्हावे लागते. घरातली तीन माणसे आठवडाभर वाकून जेवढे लावतील, तेवढे वीस माणसे एका दिवसात लावतात. यासाठी पैरा असतो. आज सगळी वाडी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही सगळ्यांबरोबर दुसऱ्याच्या. ज्याचे खाचर, त्याच्याकडे दुपारचे जेवण. कोणाचा दिवस कोणता, हे आमच्या वाडीत रामातात्या ठरवीत. ते कागदावर काहीही लिहीत नसत, पण कोणाचे रोप किती दिवसांचे झाले हे त्यांना त्या घरातल्या बाईपेक्षा अचूक ठाऊक असे. पुढे भोरच्या शाळेत मी कित्येक वर्षे वेळापत्रक बसवण्याचे काम केले. तात्यांइतके निर्दोष वेळापत्रक मला एकदाही जमले नाही.

वाडीत ख्रिस्ती घर आमचे एकच. बाबांचे नाव याकोब. वाडीच्या तोंडी ते येकोबा झाले होते आणि बाबांना त्यात काही वावगे वाटत नसे. त्यांच्याजवळ दोन मराठी भाषा होत्या. एक बांधावरची, जिच्यात ते बैलांशी, तात्यांशी आणि आमच्याशी बोलत. दुसरी प्रार्थनेची, शास्त्रातली, जिच्यात प्रत्येक शब्द स्वच्छ धुतलेला असे. रविवारी सकाळी पडवीत घोंगडी अंथरून ते दुसऱ्या भाषेत शिरत. आई टाळ धरी. पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर चुलीकडून पडवीत येई, कौलांवरचा पाऊस गाण्याचा अर्धा आवाज खाऊन टाकी, आणि शेजारच्या कोंबड्या पाऊस चुकवायला उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहत. आम्ही तिघेच असू. महिन्यातून एकदा भोरहून पाळकसाहेब येत, कापूरहोळला एसटी बदलून, आणि फाट्यापासून पायी. त्या दिवशी चौघे. ही गोष्ट घडली त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाळकसाहेबांनी एकच विषय लावून धरला होता: विश्वासात टिकून राहणे. मी चौदा वर्षांची होते, परीक्षेत पहिली येत असे, आणि टिकून राहणे म्हणजे न हलणे, असे मी मनात लिहून ठेवले होते. व्याख्या पाठ झाली की विषय संपला, असे मला त्या वयात वाटे. शिक्षकी पेशातही ही चूक मला सोडून जायला बरीच वर्षे लागली.

आता राखण. आमच्या भागात खाचराच्या बांधावर एखादा शेंदूर लावलेला दगड असतो. तो त्या जागेचा राखणदार. लावणीच्या दिवशी, पहिले रोप चिखलात जाण्याआधी, मालकाच्या नावाने त्याला कोंबडा देतात. तो कोंबडा दुपारी त्याच बांधावर सगळ्यांनी खायचा, आणि पहिला घास मालकाने घ्यायचा. त्याने घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणी ताटाला हात लावायचा नाही. आमचे खाचर पूर्वी बाबांच्या चुलत भावाच्या, म्हणजे महादूकाकांच्या खाचराला लागून एकाच बांधात होते. महादूकाका आमच्या विश्वासातले नव्हते. ते राखण देत आणि ती दोन्ही खाचरांची धरली जाई. त्या घटकेला बाबा बैलांकडे असत. मग महादूकाका आपला हिस्सा विकून पुण्याला गेले. त्यानंतरच्या पहिल्याच लावणीला आमच्या बांधावर राखण झाली नाही, आणि त्याच दिवशी दुपारी तात्यांच्या धाकट्या भावाला, किसनला, आमच्या खाचरात साप डसला. बाबांनी त्याला पाठीवर घेऊन फाट्यापर्यंत नेले, टेम्पो थांबवला, भोरच्या दवाखान्यात चार दिवस त्याच्या खाटेपाशी बसले. किसन वाचला. डावा पाय मात्र पूर्वीसारखा उरला नाही.

पुढच्या वर्षी लावणी तोंडावर आली तेव्हा तात्या दिवस मावळण्याआधी आमच्या ओट्यावर येऊन बसले. आईने चहा दिला. त्यांनी बशीत ओतून शांतपणे प्यायला, कपबशी बाजूला ठेवली आणि मग विषय काढला. यंदा राखण द्यावी लागेल, एवढेच ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. तात्या चिडले नाहीत. ते बाबांपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे होते आणि समजूत काढण्याची त्यांना सवय होती.

“त्वा पाठीवर नेलास म्हनून किसन जगला, त्ये म्या इसरलो न्हाई,” ते म्हणाले. “पन डसला तुझ्याच खाचरात, त्ये बी इसरता येत न्हाई. बायामानसं म्हनत्यात, येकोबाच्या खाचरात पाय टाकायचा तर राखन पायजे. त्यांचं काय चुकतंय, तू सांग.”

बाबा म्हणाले की त्यांचे काही चुकत नाही. भीती खरी आहे हे त्यांनी मान्य केले. मग तात्यांनी तोडगा काढला. कोंबडा तात्यांच्या घरचा, कापायचे तात्यांनीच, बाबांनी तेवढा वेळ घरात बसायचे आणि फक्त हू म्हणायचे. इतका सोपा तोडगा ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आईनेही दारामागून बाबांकडे पाहिले.

“तात्या, म्या घरात बसलो तरी त्ये माझ्याच नावानं व्हनार,” बाबा म्हणाले. “त्येवढं मला जमनार न्हाई.”

तात्या उठले. जाताना त्यांनी आमच्या वाफ्यापाशी थांबून रोपावरून हात फिरवला. रोप एकोणीस दिवसांचे होते.

त्यानंतरचे दिवस मला आजही क्रमाने आठवतात, कारण प्रत्येक दिवशी मी सकाळी उठून आधी वाफा पाहत असे. पैरा सुरू झाला. बाबा रोज जात. हे आईला सहन होत नव्हते. लोक आपल्याकडे येणार नाहीत हे माहीत असून आपण त्यांच्या चिखलात का वाकायचे, असे ती भाकरी थापताना विचारी आणि परातीवर नेहमीपेक्षा जोरात थाप मारी. बाबा म्हणत, पैरा तात्यांनी सुरू केला आहे, मोडेल तो त्यांच्याकडून मोडेल. दुपारी लोक राखणीचे जेवण जेवत तेव्हा बाबा त्याच पंगतीत बसून घरची नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यातून सोडून खात. हसणाऱ्या बायका होत्याच. तात्यांची बायको, पारूकाकू, एकदा पंगतीत मोठ्याने म्हणाली, “येकोबाच्या देवाला कोंबडं चालत न्हाई. अंडं तरी चालतंय का इचारा.” बाबा म्हणाले, देवाचे माहीत नाही, पण मला चालते. सगळे हसले. तरीही आमच्या खाचराचा दिवस कोणी बोलून दाखवला नाही.

पंचविसाव्या दिवशी रोपाच्या टोकांना पिवळेपणा आला. त्याच आठवड्यात पाळकसाहेब आले. ते भले गृहस्थ होते. त्यांच्या छत्रीच्या दोन काड्या कायम तुटलेल्या असत आणि ते वाटेतल्या प्रत्येक घरी चौकशी करत. बाबांनी त्यांना सगळे सांगितले. पाळकसाहेबांनी बराच वेळ वाफ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “याकोबराव, टिकून राहा.”

“म्या टिकतोयच की साहेब,” बाबा म्हणाले, “रोप टिकत न्हाई.”

निघताना पाळकसाहेब बाबांना म्हणाले की माझ्या ताटातला तांदूळ दुकानातून येतो, तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याचा मला किती अधिकार आहे हे मला कळत नाही. पाळकाने असे म्हणावे याचा मला तेव्हा राग आला. आज मी त्या वाक्यासाठी त्यांना पुष्कळ गुण देते.

एकोणतिसाव्या दिवशी बाबा पहाटेच्या एसटीने शिवऱ्याकडे गेले. मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात त्यांच्या ओळखीचा एक माणूस मजूर लावून देत असे. आई वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. तिने एक रोप उपटून बुडाशी नखाने दाबून पाहिले आणि मला काही न सांगता ते दूर फेकले. रोपाला गाठ धरू लागली होती. गाठ धरलेले रोप लावले तरी फुटवे धरत नाही. त्या वर्षीच्या भाताशिवाय आमच्या घरात खायला काय असेल, हे मी मोजून पाहिले: कोपऱ्यातल्या कणगीत नाचणी होती, ती दिवाळीपर्यंत.

मी तात्यांच्या घरी गेले. जे बोलायचे ते वाटेत तीन वेळा म्हणून पाहिले होते. तात्या बैलाच्या खुरात अडकलेला खडा काढत होते. मी म्हणाले, “तात्या, बाबांनी हू म्हटलंय. पण त्यांच्यासमोर विषय काढू नका म्हणाले.”

त्यांनी बैलाचा पाय खाली सोडला आणि माझ्याकडे पाहिले. “तुझ्या आयेला ठावं हाय?”

“हो,” मी म्हणाले.

म्हणजे खोटी दोन झाली. हे मी मुद्दाम मोजून लिहिते, कारण पहिले खोटे भीतीतून निघाले होते. दुसरे निघाले तेव्हा मी अगदी शांत होते. तात्यांचा चेहरा सैल झाला. बरे झाले, असे ते म्हणाले, आणि पारूकाकूला हाक मारून त्यांनी मला गूळ-शेंगदाणे द्यायला सांगितले. ते मी घरी जाताना ओढ्यात टाकले.

बाबा संध्याकाळी रिकाम्या हातांनी आले. मजूर आधीच दुसरीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाबांनी बैल जुंपले. आपण तिघांनी सुरुवात करू, होईल तेवढे होईल, असे ते म्हणाले. आम्ही खाचराकडे पोहोचलो तेव्हा तात्या नुकतेच बांधावरून उतरत होते आणि त्यांच्यामागून वाट भरून माणसे येत होती, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, बायका गाणे म्हणत. किसनही होता. दगड बांधाच्या पलीकडच्या अंगाला होता, पाऊस जोराचा होता. बाबांना काही दिसले नाही. ते नांगराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकले नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि भर पावसात, बैल जुंपलेले असताना, प्रार्थनेच्या भाषेत हलक्या आवाजात देवाचे आभार मानले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर जुड्या घेऊन उभी होते. माझ्या आयुष्यात मी अनेक शिक्षा भोगल्या आणि दिल्या. त्या तीन-चार वाक्यांसारखी शिक्षा मला पुन्हा झाली नाही.

सकाळभर बाबांनी विशीतल्या माणसासारखे काम केले. आई घरी पळाली आणि तिने मिळेल ते शिजवले: नाचणीच्या भाकरी, वालाची आमटी, मिरचीचा ठेचा. दुपारपर्यंत अर्धे खाचर हिरवे झाले. माणसे हातपाय धुऊन बांधावर पंगतीने बसली. बाबांना काहीतरी बोलायचे होते. ते उभे राहिले आणि म्हणाले की तुम्ही माझी अडचण समजून आलात, ही गोष्ट आमचे घर विसरणार नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. तेवढ्यात पारूकाकू डोक्यावर झाकलेले पातेले घेऊन आली, तिने ते उतरवले, झाकण काढले आणि पहिली फोड बाबांच्या ताटात वाढली.

“ह्ये काय?” बाबांनी विचारले.

“राखनीचं,” पारूकाकू म्हणाली. “पयला घास मालकाचा. घ्या, मानसं भुकेजलीत.”

बाबा तात्यांकडे वळले. तात्या म्हणाले, “त्वा हू म्हनलास म्हनून दिली.”

“म्या?”

“तुझ्या पोरीनं निरोप आनला.”

कोणीही जेवत नव्हते. पाऊस थोडा ओसरला होता आणि पाटाच्या पाण्याचा आवाज फार मोठा वाटत होता. आईच्या हातातली पळी तशीच वर राहिली. मी म्हणाले, “बाबांनी काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं.” माझा आवाज वर्गात उत्तर देताना असतो तसा स्पष्ट आला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

तात्यांनी आवाज खाली आणला, जणू ते दोघेच तिथे होते. “येकोबा, झालं त्ये झालं. राखन दिल्याली हाय. एक घास खा. नुसता तोंडाला लाव. अर्धं खाचर ऱ्हायलंय, ईस मानसं हायती, दिस मावळायच्या आत व्हईल.”

बाबा ताटाकडे पाहत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर तो घास घेतला असता. हे तेव्हाही मला माहीत होते. ज्याच्या नावाने राखण दिली त्यानेच ती नाकारली तर ती न देण्यापेक्षा वाईट, असे आमच्याकडे मानतात. म्हणजे नाही म्हटले तर त्या चिखलात कोणी पाय घालणार नाही, हेही सगळ्यांना माहीत होते. समोर किसन डावा पाय पसरून बसला होता.

“पोर माजी हाय, तवा तिचं खोटं बी माजंच,” बाबा म्हणाले. “तात्या, त्याची माफी मागतो. समद्यांची मागतो. पन ह्यो घास म्या खानार न्हाई. तुमी जेवा.”

कोणी जेवले नाही. एकेक जण उठला. बायकांनी ताटे उपडी ठेवली, पाटाच्या पाण्यात पाय धुतले आणि चालू लागल्या. आपल्या बांधावरून वीस माणसे उपाशी उठून जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला कसे समजावावे मला कळत नाही. आमच्याकडे मयताच्या घरूनही कोणी असे उठत नाही. तात्या सर्वांत शेवटी निघाले. माझ्यासमोर थांबून ते म्हणाले, “रुता, माज्या दारात पाय ठिवू नगंस.”

आई भाकरींच्या चळतीपाशी बसून रडत होती. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग ते खाचरात उतरले, जिथे लावणी थांबली होती त्या जागी. मी बांधावर होते. ते आता मला मारतील, किंवा घरी जा म्हणतील, किंवा यापुढे माझ्याशी बोलणार नाहीत, अशा तीन शक्यता मी धरल्या होत्या. त्यांनी वाकलेल्या स्थितीतच मागे हात केला.

“जुडी दे,” ते म्हणाले.

मी दिली. ती संपली तशी दुसरी मागितली. काही वेळाने आईही उतरली. संध्याकाळपर्यंत आम्ही जेमतेम चार हात जागा लावली.

पण बाबांचे एवढ्याने संपले नव्हते. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पैरा तात्यांच्या स्वतःच्या खाचरात होता. बाबांनी मला पहाटे उठवले. त्यांनी आपले अर्धे खाचर लावले आहे, पैरा फिटलेला नाही, आपल्याला गेले पाहिजे, असे ते म्हणाले. आई पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. रोप मरतंय आणि तुमी लोकांच्या बांधावर कशाला जाताय, असे तिने विचारले. आम्ही गेलो. तात्यांच्या खाचरात माणसे उतरलेली होती. आम्ही बांधावर उभे राहिलो. आम्हाला कोणी या म्हटले नाही, जा म्हटले नाही. सूर्य कासराभर वर आला तेव्हा आम्ही परतलो आणि दिवसभर आपल्या चिखलात वाकलो. शनिवारी तेच.

रविवारी काम नाही. रोप तेहतीस दिवसांचे झाले होते, तरी नाही. घोंगडीवर बसायला मी धजले नाही. उंबऱ्यात, कोंबड्यांच्या जागी बसले. बाबांनी शास्त्र उघडले, पण वाचले नाही. त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि पहिल्यांदाच त्यांची ती स्वच्छ भाषा अडखळली. त्यांनी देवापुढे कबूल केले की महादू जितकी वर्षे राखण देत होता तितकी वर्षे ती आपल्याही खाचराची धरली जाते हे त्यांना ठाऊक होते, आणि ते मुद्दाम बैलांकडे जात होते. मग त्यांनी बांधावरच्या भाषेत म्हटले, “पोरीनं माझंच बघून केलं.” आईने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले. मी तोपर्यंत समजत होते की बाबा खडकासारखे उभे आहेत आणि मी घसरले. खडक कोणीच नव्हते. तरी आम्ही तिघे त्याच पडवीत होतो, आणि थोड्या वेळाने आईने टाळ उचलला, गाणे सुरू केले आणि दुसऱ्या ओळीला माझ्याकडे पाहून मान हलवली, मी सूर धरावा म्हणून.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या मुली आता मला टिकून राहण्यावर बोलायला बोलावतात. त्यांना टिपून घेता येईल असे मुद्दे हवे असतात. मी त्यांना आमच्या खाचराचे सांगते: त्या हंगामात ते दोन रंगांचे झाले होते. वाडीने लावलेला भाग दाट आणि काळसर हिरवा, आम्ही गाठ धरलेल्या रोपाने लावलेला विरळ आणि फिका. कापणीला दोन्हीकडून भात मिळाला, एकीकडून पुष्कळ, दुसरीकडून थोडा, आणि मळणीत तो एकत्र झाला. कणगी अर्ध्याहून थोडी वर भरली. वैशाखात आम्ही वरईवर आलो, पण उपाशी राहिलो नाही. यातून मुद्दे निघत नाहीत, अशी मुलींची तक्रार असते, आणि ती बरोबर आहे.

त्या सोमवारी आम्ही पुन्हा तात्यांच्या बांधावर गेलो. त्यांचे वरचे खाचर राहिले होते. पाऊस इतका होता की पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. बराच वेळ गेल्यावर तात्या कंबर सरळ करून आमच्या दिशेने आले आणि चिखलातूनच वर पाहत उभे राहिले.

“कवर उभा ऱ्हानार हायस?”

“पैरा फिटंस्तवर,” बाबा म्हणाले.

“आन फुडल्या साली?”

“फुडल्या साली बी येनार. राखन मातर देनार न्हाई.”

“म्या बी मग तुझ्यात मानसं धाडनार न्हाई.”

“नगा धाडू. म्या हितं येनार.”

तात्यांनी तोंडावरचे पाणी पुसले. “ह्या बांधावर राखन दिल्याली हाय, येकोबा. तुला चालतंय?”

“तुमचं खाचर, तुमची रीत. म्या लावाया आलोय.”

“लई चिवट हायस,” तात्या म्हणाले.

“म्या कसला चिवट,” बाबा म्हणाले. “त्यो वरचाच सोडत न्हाई मला.”

तात्यांनी मान वळवली आणि हाताने खूण केली, उतर म्हणून. बाबा उतरले. खूण एकट्यासाठी होती की दोघांसाठी, हे मला कळले नाही, म्हणून मी उभीच राहिले. मी घरून एक वाक्य तयार करून आणले होते. तात्या वळायच्या आत मी ते म्हणाले. “तात्या, मी तुमच्याशी खोटं बोलले. दोनदा बोलले.”

“ठावं हाय,” तात्या पाठ फिरवून चालता चालता म्हणाले. “अख्ख्या वाडीला ठावं हाय.”

मी खाली पाहत होते. चिखलातून पारूकाकूचा आवाज आला. “आन तू काय पाव्हनी म्हनून आलीयास? का तुला आवतान धाडू?”

मी परकर खोचला आणि उतरले. पाणी गुडघ्याच्या खालपर्यंत आले, थंड. पारूकाकूने मान वर न करता आपल्या हातातली जुडी मोडून अर्धी माझ्या हातात दिली, आणि मला उभे राहता यावे म्हणून ती एक पाऊल बाजूला सरकली.